ओहायो सर

अहिल्यानगर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्यात एक तरी ओहायो सर असणार, अशी माझी खात्री आहे. कुठे त्यांना टेक्सास सर म्हणत असतील, कुठे लंडन सर. अकोले तालुक्यात शोधलं तर एखादे जपान सरही निघतील. खरं नाव हजेरीपटावर आणि रेशनकार्डावर असतंच. पण मास्तर एकदा दुसऱ्याच्या खर्चाने परदेशी जाऊन आला की गाव त्याचं नव्याने बारसं करतं, आणि ते नाव थेट सेवानिवृत्तीच्या शाल-श्रीफळापर्यंत पुरतं.

आमचे ओहायो सर पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे मला परदेशाचा धोका नाही. सर फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या शिक्षक-कार्यक्रमातून अमेरिकेला गेले होते. मुक्काम सहा आठवडे. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, साधारण तेवढाच काळ. फरक इतकाच की बाळंतिणीला पुढे जन्मभर कोणी ‘माजी बाळंतीण’ म्हणून राष्ट्रीय मेळाव्याला बोलवत नाही. सरांना बोलावतात. दिल्लीला बोलावलं, हैदराबादला बोलावलं, कोलकात्याला बोलावलं. दर मेळाव्याहून सर गळ्यात नवा पट्टा आणि खांद्यावर नवी कापडी पिशवी घेऊन येतात. वहिनी त्या पिशव्यांतून गिरणीवर दळण पाठवतात. आमच्या गावात बाजरीचं दळण ‘शिक्षणातील जागतिक नेतृत्व’ असं लिहिलेल्या पिशवीतून येतं-जातं, आणि गिरणीवाल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

सर जायला निघाले तेव्हाची गोष्ट अजून स्टाफरूममध्ये सांगितली जाते. परदेशगमनाच्या परवानगीची फाइल एका कार्यालयातून परत आली. शेरा होता: ‘परदेशात ज्यांचेकडे उतरणार त्या नातेवाइकाचे संमतिपत्र जोडावे.’ ते निस्तरलं, तर पुढच्या टेबलावर अर्जात गाव, तालुका, जिल्हा असे तीन रकाने, आणि रिकामा रकाना चालायचा नाही. सरांनी लिहिलं: मु. पो. केंट, जि. पोर्टेज. ते चूक नाही. ओहायो राज्यातलं केंट हे गाव पोर्टेज नावाच्या काउंटीत येतं. तालुका मात्र निघेना. क्लार्क म्हणाला, “सर, काहीतरी टाका, नाहीतर त्रुटी पडते.” सरांनी ‘सदर’ असं लिहिलं. ता. सदर, जि. पोर्टेज. तेवढ्यावर फाइल मंजूर झाली. अमेरिकेतला एकमेव तालुका आमच्या शाळेच्या दप्तरात नोंदलेला आहे.

जाताना वहिनींनी बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या भरल्या होत्या. तिथे देशोदेशीचे शिक्षक एकाच वसतिगृहात. पहिल्या आठवड्यात सरांनी भीत भीत खारोड्या बाहेर काढल्या, तर सेनेगलच्या एका मास्तरने एक तोंडात टाकली आणि विचारलं की ही आमच्याकडची बाजरी तुमच्याकडे कशी? सेनेगलमध्ये बाजरी रोजच्या जेवणात असते, हे ना सरांना माहीत होतं ना आम्हाला. मग दोघांनी मिळून तो डबा चार दिवसांत संपवला. माझ्या मते त्या सहा आठवड्यांतली ही सर्वात मोठी शैक्षणिक घटना. पण सर ती सांगत नाहीत, आम्हीच त्यांच्याकडून काढून घेतो. ते सांगतात ती गोष्ट शाळेच्या पिवळ्या बसची. बस थांबली की मागच्या सगळ्या गाड्या थांबतात. ही गोष्ट त्यांनी आमच्या एस.टी. आगारातही जाऊन सांगितली होती.

गावाने मात्र त्यांना अमेरिकेबद्दल जे विचारायला हवं तेच विचारलं. पारावर पहिल्याच संध्याकाळी डेअरीच्या चेअरमनांनी सुरुवात केली, “तिथली गाय किती पडते दुधाला?”

सर म्हणाले, “तिथे मी शाळा पाहिल्या.”

“शाळा इथंबी हाय. लिटरला भाव काय देत्यात?”

सर म्हणाले, “तिथे दूध गॅलनमध्ये मिळतं.” मग एका गॅलनचे लिटर किती, फॅट किती लागते, मुरघास कशाचा करतात, असं पारावरचं सत्र चांगलं तासभर चाललं. सरांना त्यातला फक्त मका माहीत होता, कारण ओहायोत त्यांनी मकाच मका पाहिला होता. “म्हंजे मका बघाया गेलते,” असा निष्कर्ष निघाला. तेवढ्यात एक म्हातारबाबा बोलले, “अमेरिका कशाला सांगतो मला? बहात्तरला मिलो खाल्लाय मी.” १९७२ च्या दुष्काळात बाहेरून आलेली ती लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्यापुढे कुणाचंही अमेरिका-वर्णन फिकं पडतं. भाकरी थापता थापता कशी चिरायची, हे बाबांनी हाताने करून दाखवलं. त्या दिवशी सर लवकर घरी गेले.

पण अशा माणसाला हतोत्साह करणं सोपं नसतं. फुलब्राइटचा इतिहास हा सरांचा हुकमी विषय. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचं लष्करी सामान जगभर पडून होतं. ते विकून येणाऱ्या पैशांतून देशोदेशींच्या विद्यार्थी-शिक्षकांची ये-जा घडवावी, ही कल्पना आर्कान्सासचे सेनेटर विल्यम फुलब्राइट यांची. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी त्या कायद्यावर सही केली. भारत प्रजासत्ताक झाला त्यानंतर बरोबर आठवड्याने, २ फेब्रुवारी १९५० ला, नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी करार केला. पुढे पी.एल. ४८० या कायद्याखाली आलेल्या अमेरिकन धान्याचे जे रुपये अमेरिकेच्या खात्यात साठले, त्यांतलेही काही या कामी लागले. सर हे सगळं ‘भंगारातून विद्या’ या शीर्षकाखाली सांगतात. एकदा त्यांनी ते आमच्या वाडीवर सायकल घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “किलोला काय भावानं इकलं?”

२००८ च्या नव्या करारापासून भारत सरकारही बरोबरीने खर्च उचलायला लागलं आणि शिष्यवृत्तीच्या नावात फुलब्राइटच्या जोडीला नेहरू आले. इथे सरांना नगरचा धागा सापडला. नेहरू ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत नगरच्या किल्ल्यात बंदी होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिलं. सरांच्या मांडणीत तो तुरुंगवास राहिलाच नाही. “पंडितजींची रेसिडेन्सी नगरला होती,” असं ते दिल्लीच्या मेळाव्यात बोलले आणि समोरच्यांनी वहीत लिहून घेतलं. वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव हे त्याच किल्ल्यात होते, म्हणजे सरांच्या हिशेबी तो अख्खा कोहॉर्टच.

कोहॉर्ट म्हणजे एका वेळी गेलेली तुकडी. हा शब्द आला आहे तर मेळाव्यातली उतरंड सांगून टाकतो, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. वर्षभर किंवा नऊ महिने राहून आलेले प्राध्यापक सर्वात वर. ते कार्यक्रमाला उशिरा येतात आणि लवकर जातात. त्यांच्याखाली एक सेमिस्टरवाले. सर्वात खाली सहा आठवडेवाले, आणि टाळ्या वाजवायचं काम मुख्यतः त्यांच्याकडे. सेमिस्टरवाले सहा आठवडेवाल्यांशी बोलतात, पण सोयरीक करणार नाहीत. प्रत्येक स्तरात पुन्हा कोणत्या साली गेलात यावर मानपान. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझचे दहा लाख डॉलर जिंकले, त्यातले निम्मे त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकले, पुढे त्यांनाही फुलब्राइट मिळाली. सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केलं, आमच्या सरांनीही केलं. फक्त शेवटी एक वाक्य जोडलं, “ते नंतरचे. कोहॉर्टने मी सीनियर.”

व्हिसाच्या अटीचंही तसंच. या कार्यक्रमातून गेलेल्याने परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायचं असतं, मगच तिकडे स्थायिक होण्याचा विचार करायचा. नियम सगळ्यांना सारखा. सर तो असा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, अमेरिका यांना सोडायलाच तयार नव्हती आणि यांनी नियमावर बोट ठेवून कशीबशी सुटका करून घेतली. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, “तिथं रोज स्वतःचं ताट घासायचे म्हणे. दोन वर्षांची अट त्याला पण होती का? आल्यापासून एक वाटी विसळलेली नाही.”

आता जरा वर्गात जाऊ, कारण सरांची खरी गंमत तिथे आहे.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं टेप करून तपासलं. त्यांना आढळलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतो आणि मग स्वतःच बोलायला लागतो. तीन सेकंद थांबला तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. केंटच्या वर्गात सर हे शिकले. सेकंद मोजायची तिथली रीतही शिकले: वन मिसिसिपी, टू मिसिसिपी. एक मिसिसिपी म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. परत आल्यावर सरांनी नववीच्या वर्गात प्रश्न टाकला आणि गप्प उभे राहिले. मुलांना वाटलं, सरांना पुढचं आठवत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने दयेने पुस्तक पुढे केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एका पोराने सरांच्या ओठांची हालचाल ओळखली आणि वर्ग सरांबरोबर मनात मोजायला लागला. आता आमच्या शाळेत मिसिसिपी हे कालमापनाचं रीतसर एकक आहे. “बेल व्हायला शंभर मिसिसिपी राहिल्या,” असं मुलं म्हणतात, आणि शिपाईमामाही त्यांच्या विश्वासावर घंटेकडे चालायला लागतात.

एका तपासणीला साहेब वर्गात मागे येऊन बसले होते, मीही बसलो होतो. सरांनी विचारलं, “मडक्यातलं पाणी गार का राहतं?” आणि थांबले. एक मिसिसिपी. दोन मिसिसिपी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तीन. साहेब खुर्चीत पुढे सरकले. चार. साहेबांनी घसा खाकरला आणि मोठ्याने सांगितलं, “बाष्पीभवन! अहो, सोपं आहे!” मुलं मागे वळून साहेबांकडे बघायला लागली. सर शांतपणे म्हणाले, “थँक यू सर. अजून कोणी?” आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. मागच्या बाकावर एक मुलगा होता, आई-वडील ऊसतोडीला जाणारे, स्वतः दिवाळीपासून कारखान्यावर आणि होळीच्या सुमाराला शाळेत. त्याने त्या वर्षात काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. सहाव्या की सातव्या मिसिसिपीला तो बसल्या जागेवरून म्हणाला, “मडक्याला घाम येतो. घाम वाळला की गार.” मग बोलतच गेला. कोपीवर मडक्याला ओला बारदाना गुंडाळतात, वारा सुटला की पाणी जास्त गार, पावसाळ्यात होत नाही. सर मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: ‘शिक्षकांची विषयाची तयारी वाढवणे आवश्यक. उत्तरे विद्यार्थ्यांकडूनच घेतली जातात.’

वर्गाबाहेर हाच माणूस अर्धी मिसिसिपी थांबत नाही. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, दहाव्याच्या घाटावर, “आमच्या ओहायोला,” अशी सुरुवात झाली की माणसं चपला शोधतात. इतक्या वर्षांत मला याचा उलगडा झालेला नाही. अमेरिकेने त्यांना गप्प बसायला शिकवलं आणि ते आयुष्यभर अमेरिकेबद्दल बोलत बसले.

तर या वेळचा राष्ट्रीय मेळावा सरांनी शिर्डीला खेचून आणला. मुद्दे बिनतोड होते. रेल्वे आहे, २०१७ पासून काकडीला विमानतळ आहे, खोल्या भरपूर, आणि दर्शन होतं. सर कार्यक्रमपत्रिका बघत होते आणि बाकी सगळं माझ्याकडे होतं, कारण माझा मेहुणा शिर्डीत लॉज चालवतो. सरांचा माझ्याकडचा ओढा मी आजवर मराठी साहित्यामुळे समजत होतो.

एक अडचण पत्रव्यवहारात आली. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, पण माजी शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत सर अजून अहमदनगरचेच. बिल्ल्यांचा पहिला गठ्ठा जुन्या नावाने आला, दुसरा नव्या. सरांनी दोन्ही लावले. चंदीगडच्या बाईंना ते दोन वेगळ्या जिल्ह्यांचे प्रतिनिधी वाटले आणि त्यांनी जेवणाची दोन कुपनं दिली.

आदल्या दिवशी पाहुण्या म्हणून एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका नगरला उतरल्या. त्यांना शहर दाखवायचं सरांनी पक्कं केलं होतं. किल्ला लष्कराच्या ताब्यात, परदेशी पाहुण्यांना आत नेण्याची कागदपत्रं सरांनी केली नव्हती, म्हणून खंदकाबाहेर उभं राहून त्यांनी नेहरूंची खोली दाखवली, म्हणजे दिशा दाखवली. मग त्यांनी सिंथिया फॅरारबाईंचा विषय काढला. हे मात्र सरांनी चांगलं वाचलेलं होतं. फॅरारबाई न्यू हॅम्पशायरच्या. १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिबा फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या, सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे तिथे घेतले. १८६२ मध्ये बाई नगरलाच वारल्या. त्यांना परतीचं तिकीट, पट्टा, पिशवी यांतलं काही मिळालं नव्हतं. सरांनी हे सगळं इतक्या लांबलचक इंग्रजी वाक्यांत सांगितलं की पाहुण्या बाई मधूनच “सॉरी?” म्हणायच्या आणि सर ते वाक्य पहिल्यापासून सुरू करायचे.

शेवटी एक रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने बाईंकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “फर्स्ट टाइम, मॅम? समाधी?” नगरच्या रिक्षावाल्यांना अमेरिकन माणूस नवा नाही. अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे, दर ३१ जानेवारीला अमरतिथीला जगभरचे लोक येतात, आणि एरवीही वर्षभर राबता असतो. कुठल्या अमेरिकनला घाई असते, कोण हळू बोललं की खुलतो, कोण भाड्याची घासाघीस करतो, हे या लोकांना पाठ. किल्ल्यापासून अरणगावपर्यंत रिक्षावाला आणि बाई अखंड बोलत होते. बाईंच्या नातवाचं कॉलेज, रिक्षावाल्याच्या मुलीची नीट परीक्षा, दोन्हीकडचे दवाखान्याचे खर्च. सर आणि मी मागे गप्प. उतरताना सरांनी त्याला विचारलं, “तुम्ही अमेरिकेत कुठे होता?”

“मी? दौंडच्या पलीकडं गेलेलो नाही, सर.”

मेळाव्याची सुरुवात आइसब्रेकरने झाली. ज्यांचा बर्फ इतक्या वर्षांत कधी जमलाच नाही अशा माणसांनाही तो फोडावाच लागतो. प्रत्येकाने स्वतःबद्दल दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी खोटी ओळखायची. ओडिशाच्या सरांनी सांगितलं: मला तीन मुलं आहेत, मी नायगारा पाहिला आहे, माझ्या शाळेत नियमित वीज असते. तिसरी गोष्ट सगळ्यांनी एका आवाजात ओळखली. मग चार्ट पेपर, स्केच पेन, गट पाडणं. भिंतीवर इतक्या पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या की हॉटेलवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, रंगाचे पैसे धरावे लागतील. जो तो ‘बॅक इन आयोवा’, ‘बॅक इन नेब्रास्का’ असं बोलत होता. पंजाबचे, केरळचे, मणिपूरचे, सगळ्यांचे उच्चार एकमेकांत मिसळून एक नवाच प्रांत तयार झाला होता, आणि आमचे सर त्या प्रांतात इतके खूश होते की मला पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस एरवी बाराही महिने एकटा असतो.

साडेअकराला ‘जागतिक नागरिकत्व’ हे मुख्य सत्र. वक्ते नऊ महिनेवाले. शिर्डीत मध्यान्ह आरती बाराला असते, हे कार्यक्रमपत्रिका करणाऱ्या सरांच्या लक्षात राहिलं नव्हतं, पण श्रोत्यांच्या होतं. पावणेबाराला पहिली रांग उठली, ‘रेस्टरूम’ असं पुटपुटत. बाराला पाच कमी असताना सभागृहात मी, माइकवाला पोरगा आणि वक्त्यांच्या पत्नी. जागतिक नागरिकत्वावरचं ते भाषण मी सबंध ऐकलं आहे. कोणाला हवं असल्यास सांगू शकेन. दुपारी शनिशिंगणापूरची बस निघाली. तिथल्या घरांना दारं नसतात हे ऐकून मणिपूरच्या बाई म्हणाल्या, म्हणजे तिथली मुलं रुसली तर आपटतात काय?

दुसऱ्या दिवशी समारोपाआधी सरांचं भाषण. पत्रिकेत वीस मिनिटं होती. वरचे वक्ते लांबत गेले, तसतशी सरांची वेळ पंधरा झाली, मग आठ, मग सूत्रसंचालिकेने तीन बोटं दाखवली. फॅरारबाई, नेहरू, ट्रुमन, पिवळी बस अशी सगळी पानं सरांच्या हातात होती. ते माइकपाशी गेले. पानांकडे पाहिलं. समोर दोनशे शिक्षक, निम्म्यांचं लक्ष घड्याळाकडे, वासावरून जेवणात पुरणपोळी असल्याचं कळलेलं. सरांनी पानांची घडी केली, खिशात घातली आणि विचारलं, “मडक्यातलं पाणी गार का राहतं?”

आणि थांबले.

मला त्यांचे ओठ दिसत होते. एक मिसिसिपी. सभागृहात टाळ्यांची तयारी झाली, कारण प्रश्न विचारून वक्ता स्वतःच उत्तर देतो हा सगळ्यांचा अनुभव. दोन मिसिसिपी. पुढच्या रांगेतल्या बाईंनी कानावर हात ठेवून ‘ऐकू येत नाही’ अशी खूण केली. तीन. मागून कोणीतरी ओरडलं, “आवाज! आवाज!” प्रश्न विचारून थांबण्याच्या या वेट-टाइमवर या मंडळींनी आपापल्या राज्यात मिळून किती प्रशिक्षणं घेतली असतील देव जाणे. चार. एक प्राचार्य उभे राहून बसले. पाचव्या मिसिसिपीला माइकवाला पोरगा वाकून व्यासपीठावर धावला, त्याने वायर हलवली, माइकवर टिचकी मारली, “हॅलो, चेक, चेक.” सूत्रसंचालिका म्हणाल्या, “तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व, सरांसाठी जोरदार टाळ्या.” घंटा झाली. सरांच्या हातात साईबाबांची तसबीर आली आणि सगळे पुरणपोळीकडे गेले.

रात्री लॉजवर मी आणि सर फीडबॅकचे फॉर्म लावत बसलो होतो. ‘सर्वात उपयुक्त सत्र कोणते?’ या प्रश्नापुढे बहुतेकांनी शिंगणापूर लिहिलं होतं, काहींनी आरती. केरळच्या एका बाईंचा फॉर्म सरांनी मोठ्याने वाचला. त्यांनी लिहिलं होतं, ‘माइक बंद पडला ती मिनिटं. दोन दिवसांत तेवढीच शांतता मिळाली. पुढच्या वर्षी अशी आणखी ठेवावीत.’

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तो फॉर्म गठ्ठ्यातून वेगळा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “माइक चालू होता.”